काचेच्या तंतूचा पहारा



रस्त्याच्या कडेला चर खणून त्यात केबल पुरण्याचे काम आपण सर्वांनी पाहिले आहे. ती केबल काचेची असते, तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने टेलिफोनचे बोलणे आणि इंटरनेट धावते, हेही आता शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. ह्याच काचेच्या तंतूला दुसरा एक व्यवसाय आहे आणि त्याविषयी बाजारपेठेत फारसे बोलले जात नाही. हा तंतू ऊन-गार ओळखतो, ताण ओळखतो, जमिनीतली थरथर ओळखतो. धरणाच्या भिंतीत, पुलाच्या तुळईत, तेलाच्या नळाशेजारी, रेल्वेच्या रुळालगत त्याला पहाऱ्यावर बसविता येते. शास्त्रज्ञ त्याला प्रकाशतंतू-संवेदक म्हणतात. आज त्याचीच हकीकत आम्ही सांगणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. पहारा हे मुळात कामगाराचे काम होते. यंत्र तापले, रूळ तडकला, खाणीत वायू साचला, बांध पाझरू लागला, हे सांगणारे पहिले साधन म्हणजे माणसाचे शरीर. तो पहारा शरीराकडून काचेकडे कसा गेला हा इतिहास आहे. आणि काचेने दिलेला इशारा कोणाच्या कानी पडतो, हा आजचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच विषय पुरा होतो.

आरंभ दौंडपासून करू. पुण्याहून दिकसळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि दौंड त्या मार्गावर आले. दौंड–मनमाड फाटा १८७८ साली झाला आणि दौंडचे जंक्शन बनले. ह्या मार्गांची सुरक्षितता दीडशे वर्षे ज्यांच्यावर अवलंबून राहिली, त्यांत मोठा वाटा गँगमन आणि की-मन ह्यांचा आहे. की-मन खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपला ठरलेला पल्ला चालतो, ढिली झालेली चावी ठोकून बसवितो, रुळाला तडा गेला आहे काय हे डोळ्यांनी पाहतो. स्टेशनात गाडी थांबली की चाकावर हातोडा मारून आवाज ऐकणारा माणूस आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. चांगले चाक खणखणते, तडकलेले बद्द वाजते. बॉयलरवरचा जुना जाणता माणूस पंपाच्या बेअरिंगवर तळहात ठेवून सांगे की हे आज संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती हातातून हातात जात असे.

पण ह्या विद्येची किंमत जबर होती. खाणीत ज्वालाग्राही वायू आहे की नाही हे सांगणारा सुरक्षा-दिवा हंफ्री डेव्ही ह्याने १८१५ साली केला. त्याआधी पुष्कळदा स्फोट झाल्यावरच वायूचा पत्ता लागे. विषारी वायू ओळखण्यासाठी इंग्लंडातील खाणींत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत. ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. पक्षी कोसळला की माणसांनी पळायचे. ज्या धंद्यात पक्षीही नसे, तेथे पहिला कामगार कोसळला की बाकीच्यांनी पळायचे, असा व्यवहार होता. म्हणून, शरीराऐवजी एखादी वस्तू धोक्याच्या तोंडाशी ठेवता येत असेल तर तिचे स्वागत प्रथम कामगाराने करावे, असे आमचे मत आहे.

आता काचेकडे वळू. प्रकाश सरळ रेषेत जातो हे आपण जाणतो. मग वळणावळणाच्या तंतूतून तो कसा जातो? घोडनदीच्या डोहात बुडी मारून ज्याने वर पाहिले असेल त्याला हे चटकन कळेल. डोक्यावर सरळ पाहिले तर आकाश दिसते. पण तिरके पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि तळाचेच प्रतिबिंब दाखवितो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे फार तिरका जाणारा प्रकाश बाहेर पडतच नाही, तो पूर्णपणे आत परततो. जिनीव्हाच्या दानियेल कोलाडॉन ह्याने पाण्याच्या धारेत प्रकाश कोंडून ती धार वळली तरी प्रकाश तिच्याबरोबर वळतो हे दाखविले. त्याचा वृत्तांत १८४२ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये जॉन टिंडॉल ह्याने १८५४ साली असाच प्रयोग लोकांसमोर केला.

पाण्याच्या धारेची जागा काचेने घेतली त्या कामात एका भारतीयाचे नाव आहे. नरिंदर सिंग कपानी ह्यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. डेहराडूनच्या शस्त्रास्त्र कारखान्यात काही काळ नोकरी करून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले, आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचे काम त्यांनी केले. त्यांचा निबंध १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ मध्ये आला. पोटाच्या आत पाहण्याची वैद्यांची दुर्बीण ह्याच वाटेने पुढे सुधारली. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच मीटरांत विझून जाई. दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धतेचा आहे, असे चार्ल्स काव ह्यांनी आपले सहकारी जॉर्ज हॉकहॅम ह्यांच्यासह १९६६ साली मांडले. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी टेलिफोन चालेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी ती मर्यादा गाठली, किंबहुना ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत शंभरातला एक भाग उरायला शंभर किलोमीटर जावे लागतात. काव ह्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज व शेंद्रे येथील कारखान्यांत हा तंतू बनतो. शुद्ध काचेची जाड कांडी सुमारे दोन हजार अंश उष्णतेच्या भट्टीत मऊ करून तिच्यापासून एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा धागा ओढतात. शेवया जशा ताणून लांबवाव्यात तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे धागा किलोमीटरच्या हिशेबाने निघतो.

टेलिफोनच्या अभियंत्यांना ह्या तंतूची एक खोड फार त्रास देई. केबल कोठे दबली, वाकली, तापली, की आतल्या प्रकाशात फरक पडे. ही खोड मोडण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. दुसऱ्या काही संशोधकांनी उलट विचार केला. प्रकाशात पडणारा फरक नेमका मोजता आला, तर तंतूला कोठे काय झाले हे घरबसल्या कळेल. ह्या विचारातून संवेदक जन्मास आला.

त्याची एक जात अशी. तंतूच्या टोकातून प्रकाशाचा अगदी क्षणभराचा ठोका सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी ह्या प्रकाशाचा अत्यल्प अंश वाटेत सर्व ठिकाणी विखुरतो, आणि त्यातला काही मागे फिरतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असतो. एक मीटर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. तेवढा काळ मोजणारे यंत्र आज आहे. त्यामुळे परत आलेला प्रकाश कितव्या मीटरावरून आला हे सांगता येते. डोंगरासमोर हाक मारून प्रतिध्वनीवरून अंतर ओळखावे, तसेच हे आहे. आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या अल्प अंशाचा रंग थोडा बदललेला असतो. हा बदल म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास शोधलेला रामन परिणाम होय. बदललेल्या रंगांपैकी एका रंगाचे प्रमाण उष्णतेबरोबर वाढते. ते मोजले की तंतूच्या प्रत्येक मीटरावर किती अंश उष्णता आहे ह्याचा तक्ता मिळतो. १९८५ च्या सुमारास इंग्लंडात ही पद्धत काचेच्या तंतूवर सिद्ध झाली. वीस-तीस किलोमीटर लांबीचा एक तंतू म्हणजे ओळीने मांडलेले हजारो उष्णतामापक, असा हा हिशेब झाला.

दुसरी जात म्हणजे जाळीचा संवेदक. १९७८ साली कॅनडात केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की तीव्र प्रकाशाने तंतूच्या गाभ्यात सूक्ष्म पट्ट्यांची कायमची जाळी उमटविता येते. ही जाळी एकच विशिष्ट तरंगलांबी परतविते, बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देते. तंतू ताणला की पट्ट्यांमधले अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबी बदलते. लोखंडाची तुळई एक मीटरमागे मिलिमीटरचा हजारावा भाग ताणली गेली तरी ही जाळी ते सांगते. तिला एक अडचण मात्र आहे. उष्णतेनेही तरंगलांबी बदलते. म्हणून जवळच दुसरी एक जाळी ताणाविना सैल ठेवून उष्णतेचा वाटा वजा करावा लागतो. कलकत्त्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने अशा जाळ्यांवर बरेच काम केले आहे.

विजेची संवेदक-यंत्रे पूर्वीपासून असताना काचेचा हा आटापिटा कशाला? कारण तंतूत वीज नसते. ठिणगी पडण्याची भीती नाही, म्हणून तेल व गॅसच्या ठिकाणी तो चालतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत, जेथे तांब्याची तार न्यावयाची सोय नाही, तेथे तो जातो. काच गंजत नाही. आणि संपूर्ण लांबीभर तोच डोळा असल्याने नेमका दोष कोठे होईल हे आधी ओळखून ठेवावे लागत नाही.

आता ह्याचा आपल्या मुलखाशी संबंध पाहू. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड नदीवर मातीचे धरण आहे. ते १९६५ सालचे. मातीच्या धरणाचा मोठा शत्रू म्हणजे आतून होणारा पाझर. तो बाहेर दिसू लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. जर्मनी व स्वीडन ह्या देशांत १९९० नंतरच्या दशकात मातीच्या बांधांत काचतंतू पुरून पाझर ओळखण्याचे काम सुरू झाले. युक्ती साधी आहे. जलाशयाचे पाणी ऋतूप्रमाणे गार-ऊन होते. भिंतीच्या पोटातली माती सावकाश बदलते. पाणी झिरपू लागले की तेथली उष्णता जलाशयाच्या मागोमाग बदलू लागते, आणि तंतू ती जागा मीटरानिशी दाखवितो.

पुलांचेही तसेच. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. मे महिन्यात पाहिलेला पूल ऑगस्टच्या रात्री कसा असेल हे कोणता तपासनीस सांगणार? पुलाच्या दगडाला वा तुळईला चिकटविलेला तंतू रात्री-अपरात्री, पुरातही जागा असतो.

इंधनाच्या नळांची गोष्ट निराळी नाही. मुंबईहून पुण्याला व पुढे सोलापूरकडे इंधनवाहिनी जाते; उरणहून चाकण-शिक्रापूरकडे स्वयंपाकाच्या गॅसची वाहिनी येते. अशा नळांशेजारी संदेशांसाठी काचतंतू घालण्याची पद्धत आहेच. त्या तंतूवर जमिनीतली थरथर ऐकणारे यंत्र बसविले की कोणी कुदळ मारीत आहे की यंत्राने खणत आहे हे कळू शकते. दाबाखालचा गॅस गळला तर ती जागा थंड पडते, तेही कळते. ईशान्य सीमा रेल्वेने तर रुळालगतच्या अशाच तंतूंचा उपयोग हत्तींसाठी केला. त्यांच्या पावलांची थरथर ओळखून स्टेशनमास्तरला व चालकाला सावध करणारी ‘गजराज’ ही यंत्रणा २०२२ च्या डिसेंबरात अलीपूरद्वार विभागात सुरू झाली.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग आता काळजी कसली? येथेच आम्हांला पानशेतची आठवण द्यावीशी वाटते. आंबी नदीवरचे ते धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुणे बुडाले. ते पाणी मुळा-मुठेने पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेला येऊन मिळते. म्हणजे हा प्रवाह आपल्याच दाराशी येतो. आता मुद्दा पाहा. धरण खचत आहे हे तेथल्या लोकांच्या ध्यानात आदल्या दिवशीच आले होते. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. म्हणजे धोका कळला नव्हता असे झाले नाही. जे खाली राहत होते त्यांच्यापर्यंत तो वेळेवर पोचला नाही. त्या भिंतीत दहा काचतंतू असते तरी त्यांनी धोका आणखी आधी सांगितला असता. शहराला उठविणे हे काम मात्र माणसांचेच राहिले असते.

आमच्या आयुष्याचा बराच भाग कारखान्यांच्या दारांत गेला आहे. एके ठिकाणी तर उष्णता वाढली की वाजणारी घंटा होती. ती वारंवार वाजून उत्पादन थांबते म्हणून तिच्यात चिंधी कोंबली गेली होती. कामगारांना ती चिंधी दिसत होती. परंतु ती काढण्याचा अधिकार कोणाला आहे हे कोणी सांगितले नव्हते. घंटा काचेची झाली तर चिंधी कोंबता येणार नाही, हे खरे. पण संगणकावर इशाऱ्याची मर्यादा दहा अंशांनी वर सरकविली की तेच काम होते, आणि ही चिंधी कोणाला दिसतही नाही.

दुसरी गोष्ट नोकरीची. तंतू आला, आता नळाच्या कडेने चालणाऱ्या गस्तवाल्याचे काय काम, असा हिशेब मांडला जातो. आम्ही यंत्राला विरोध करणाऱ्यांपैकी नाही. उन्हातान्हात, पुरात, रात्री एकट्या माणसाला धोक्याच्या तोंडी उभे करण्यात कोणाचा मान नाही. परंतु तंतू सांगतो ते इतकेच की अमुक किलोमीटरावर काही हालत आहे. तो चोर आहे, विंधनविहिरीचे यंत्र आहे की उसाने भरलेली ट्रॉली आहे, हे ओळखताना यंत्र चुकते. शेवटी कोणीतरी जाऊन पाहावे लागते. त्या वाटेची माहिती असलेला माणूसच कमी केला, तर इशाऱ्याला पाय उरत नाहीत. दहा वेळा खोटा निघालेला इशारा अकराव्या वेळी कोणी मनावर घेत नाही, आणि अकरावा खरा असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की गस्तवाल्याला घरी न पाठविता त्याला यंत्रासमोर बसण्याचे शिक्षण द्यावे. चाकाचा बद्द आवाज ओळखणारा कान पडद्यावरची वेडीवाकडी रेघ ओळखायला लवकर शिकतो.

तिसरी गोष्ट अधिकाराची, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या धंद्यांतील कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा, तसेच आपल्या सुरक्षिततेविषयी माहिती मिळविण्याचा हक्क मिळाला. तो अधिनियम आता नाही. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० सालची असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. तिच्यातही आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडून मिळविण्याचा हक्क कामगाराला आहे. धरणांसाठी २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम आहे. त्यात मोजमापाची साधने बसविणे आणि संकटकाळची कृतियोजना तयार ठेवणे ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. कायद्याची अक्षरे आहेत. त्यांत काचतंतूचे आकडे येतात की नाही हे आपण विचारल्यावाचून ठरणार नाही. मागितल्याशिवाय कोणी आकडा दाखविला, असे आमच्या अनुभवात नाही.

म्हणून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणांना आणि नदीकाठच्या गावकऱ्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या कारखान्यात, पुलावर, नळावर किंवा धरणावर असा पहारेकरी बसविल्याचे कळले की तीन प्रश्न विचारा. इशारा प्रथम कोणाच्या समोर उमटतो? तो उमटल्यावर काम थांबविण्याचा, रस्ता बंद करण्याचा, गाव उठविण्याचा अधिकार पाळीवर असलेल्या कोणत्या माणसाला आहे? आणि जुन्या नोंदी किती वर्षे जपून ठेवल्या जातात, त्या मराठीत वाचावयास मिळतात काय? कंत्राटी कामगाराला ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच ती सर्वांना मिळाली असे समजा, कारण धोक्याच्या जागी आज बहुधा तोच उभा असतो.

डेव्हीच्या दिव्यापासून कपानी, काव आणि रामन ह्यांच्यापर्यंत मोठमोठ्या बुद्धिमंतांनी धोका लवकर कळावा अशी साधने शोधली किंवा त्यांचा पाया घातला. त्यांनी आपल्याला काही मिनिटे, काही तास, कधी काही दिवस मिळवून दिले आहेत. त्या वेळाचा उपयोग कोणासाठी व्हावा हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते कारखान्याच्या सुरक्षा समितीत, ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत ठरते. आणि तेथे आपल्यापैकी कोणी उठून विचारले तरच ते आपल्या बाजूने ठरते.